गाडी न घेता परभणी जिल्ह्यात फिरता येईल का? एसटी, रेल्वे आणि हरित वाहतुकीचा हिशोब

महाराष्ट्रात पेट्रोलचे दर वाढले की बातम्यांमध्ये एक नाव हमखास येतं, ते म्हणजे परभणी. एप्रिल २०२२ मध्ये इथे पेट्रोल लिटरमागे १२० रुपयांच्या पुढे गेलं होतं. राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या यादीत हा जिल्हा वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर राहिला आहे. याचं कारण भूगोलात आहे. इथलं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येतं आणि एवढ्या लांबच्या वाहतुकीचा खर्च पंपावरच्या दरात धरला जातो.

म्हणजे वाहनांवर अवलंबून राहण्याची किंमत परभणीकर इतरांपेक्षा थोडी जास्तच मोजतात. दुसरीकडे मनमाडहून परभणीला येणारा रेल्वेमार्ग सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि एसटीचा स्वतंत्र विभागही इथे आहे. तरीही गावोगावी घरासमोर दुचाकी आली आणि स्टँडवरची गर्दी पांगली. असं का झालं आणि ते बदलता येईल का, हे समजून घेऊ.

थोडक्यात

- परभणीचा प्रश्न 'कारवरचं अवलंबित्व' हा नाही. इथलं खरं अवलंबित्व दुचाकीवर आणि शेअर जीप-ॲपेवर आहे.
- डिझेलची साधी एसटीसुद्धा पर्यावरणाला चांगली आहे, पण ती भरलेली असेल तरच.
- इलेक्ट्रिक बस आणि नवा रेल्वेमार्ग महत्त्वाचे आहेत. मात्र वेळापत्रक आणि शेवटची गाडी यांचा प्रश्न आधी सुटायला हवा.
- सर्वांत मोठा परिणाम ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यावर होतो. त्यात शाळा-कॉलेजच्या मुली, ज्येष्ठ नागरिक आणि मजूर येतात.

हरित वाहतूक म्हणजे नेमकं काय?

हरित वाहतूक म्हटलं की डोळ्यांसमोर इलेक्ट्रिक कार येते. पण वाहतुकीचे अभ्यासक तीन पायऱ्या सांगतात. पहिली, नको असलेला प्रवास टाळणं. गावातच दवाखाना किंवा बँक असेल तर तालुक्याला हेलपाटा मारावा लागत नाही. दुसरी, प्रवासाचं साधन बदलणं, म्हणजे स्वतःच्या गाडीऐवजी बस, रेल्वे, सायकल किंवा पायी जाणं. तिसरी, साधन सुधारणं, म्हणजे डिझेलच्या जागी वीज किंवा सीएनजी आणणं. इलेक्ट्रिक कार या तिसऱ्या पायरीवर येते. पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारली तर धूर कमी होतो, पण गर्दी, अपघात आणि कर्जाचे हप्ते तसेच राहतात.

भारताच्या धोरणात ही समज नवी नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात, रस्त्यांचं नियोजन वाहनं हलवण्यासाठी न करता माणसं हलवण्यासाठी करावं, असं तत्त्व मांडलेलं आहे. देशाने २०७० पर्यंत 'नेट झीरो' गाठण्याचं उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. वाहतूक क्षेत्रातल्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग रस्त्यावरच्या वाहनांचा आहे. त्यामुळे ते उद्दिष्ट मुंबई-पुण्याच्या मेट्रोइतकंच जिंतूर-परभणी रस्त्यावरही ठरणार आहे.

परभणीत लोक कारवर अवलंबून आहेत का?

नाहीत. देशभरातही चित्र तसंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातल्या जेमतेम ८ टक्के कुटुंबांकडे कार आहे. दुचाकी मात्र जवळपास निम्म्या घरांमध्ये आहे.

२०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना, कामाला कसं जाता, असं विचारलं होतं. अशा सुमारे २० कोटी लोकांपैकी साडेचार कोटी पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलने जात होते आणि कारने जाणारे तीन टक्क्यांपेक्षा कमी होते.

युरोप-अमेरिकेत 'कार सोडा, बसने चला' असं सांगावं लागतं. परभणीसारख्या जिल्ह्यात गोष्ट उलटी आहे. इथे बहुसंख्य लोक आजही पायी, सायकलने, एसटीने किंवा शेअर रिक्षाने फिरतात. त्यांचा प्रवास आधीच हरित आहे, फक्त तो गैरसोयीचा आहे. ही गैरसोय सहन होईनाशी झाली की माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो आणि हातात पैसा आला की कार. म्हणून इथलं पहिलं काम आहे ते आजच्या एसटीच्या प्रवाशाला एसटीत टिकवण्याचं.

मग लोक दुचाकी का घेतात?

एक साधा हिशोब करून पाहू. समजा, एका जोडप्याला ४२ किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी जायचं आहे. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०६ रुपये लिटर आहे असं धरलं, तर एका बाजूचा खर्च ८९ रुपये येतो. एसटीचं साधं भाडं जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण १० रुपये आहे. सात टप्प्यांचे ७० रुपये होतात. महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत असल्याने पत्नीचे ३५ रुपये. दोघांचे मिळून १०५ रुपये.

एकटी महिला प्रवास करत असेल तर एसटीसारखं स्वस्त काही नाही. एकटा पुरुषही एसटीने गेला तर थोडे पैसे वाचतात. पण दुचाकीवर दोघं बसली की पेट्रोलचा खर्च तिकिटापेक्षा कमी होतो, आणि सोबत मूल असेल तर फरक आणखी वाढतो. गाडीची किंमत, विमा आणि दुरुस्ती या हिशोबात कोणी धरत नाही, कारण ते पैसे आधीच गेलेले असतात.

पैशांपेक्षाही मोठं कारण वेळेचं आहे. एसटी फाट्यावर किती वाजता येईल याची खात्री नसते. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची हा प्रश्न उभा राहतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा उन्हात निवारा नसलेल्या फाट्यावर अर्धा-पाऊण तास थांबणं म्हातारी माणसं आणि कडेवर लेकरू असलेल्या बायांसाठी धोक्याचं असतं. दुचाकी ही काळजी मिटवते.

पण ती दुसरी काळजी घेऊन येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

धुराचा हिशोब काय सांगतो?

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो. बस लिटरला ५, दुचाकी ५० आणि कार १६ किलोमीटर देते असं धरलं, तर एका प्रवाशामागे दर किलोमीटरला उत्सर्जन असं येतं:

- कारमध्ये एकटा माणूस: सुमारे १४४ ग्रॅम
- कारमध्ये चार जण: ३६ ग्रॅम
- दुचाकीवर एक जण: ४६ ग्रॅम
- दुचाकीवर दोघं: २३ ग्रॅम
- एसटीत ४० प्रवासी: साडेतेरा ग्रॅम
- एसटीत १० प्रवासी: ५४ ग्रॅम

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. बस एकच, डिझेल तेवढंच, पण प्रवासी कमी झाले की तिचा हरितपणा संपतो. एकट्या दुचाकीस्वारापेक्षा सरस ठरण्यासाठी बसमध्ये किमान १२ प्रवासी लागतात. दुचाकीवर दोघं असतील तर २४ च्या आसपास लागतात. ४४ आसनांच्या गाडीत २४ प्रवासी म्हणजे साधारण ५५ टक्के. एसटीच्या भाषेत याला 'भारमान' म्हणतात. महामंडळ भारमान उत्पन्नासाठी मोजतं, पण पर्यावरणाचा हिशोबही नेमका त्याच आकड्यावर चालतो.

यातून एक दुष्टचक्र तयार होतं. भारमान कमी म्हणून फेरी बंद होते. फेरी बंद झाली म्हणून लोक दुचाकी घेतात. मग उरलेल्या फेऱ्यांचंही भारमान घसरतं. हे चक्र तोडायचं तर काही काळ कमी भारमानाच्या गाड्याही वेळेवर आणि नियमित चालवाव्या लागतात. त्या तोट्याचा भार कोणी उचलायचा, हा निर्णय राजकीय आहे.

रेल्वे आणि बस कधी एकाच घरात होत्या?

होय, आणि त्याही मराठवाड्यात. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. सेलू, मानवत रोड, परभणी आणि पूर्णा ही स्थानकं याच मार्गावर आहेत. कापसाच्या बाजारपेठा आणि पूर्णेसारखं रेल्वेचं गाव यांची वाढ या मार्गाच्या आधाराने झाली.

पुढे जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सुरुवातीला त्यात २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. म्हणजे रेल्वे आणि बस एकाच संस्थेच्या ताब्यात होत्या. आज ज्याला 'एकात्मिक वाहतूक' म्हणतात, त्याची चौकट इथे नव्वद वर्षांपूर्वीच होती.

हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर बससेवा रेल्वेपासून वेगळी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि इथल्या बस राज्य परिवहन महामंडळात सामील झाल्या. रेल्वे केंद्राकडे आणि एसटी राज्याकडे गेली. तेव्हापासून दोघांची वेळापत्रकं वेगवेगळ्या कार्यालयांत ठरतात.

आज रेल्वेची स्थिती काय आहे?

१९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला. २००३ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग झाला आणि जिल्ह्यातले मार्ग त्याच्या अखत्यारीत आले. परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला आहे. परभणी ते छत्रपती संभाजीनगर हा १७७ किलोमीटरचा टप्पा मात्र एकेरीच राहिला. त्याच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. अंदाजित खर्च २,१७९ कोटी रुपये आहे.

एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एका गाडीला स्थानकावर बाजूला थांबावं लागतं. अशा वेळी लांब पल्ल्याच्या गाडीला आधी सोडलं जातं आणि पॅसेंजर 'क्रॉसिंग'साठी ताटकळते. दुसरा मार्ग झाला की वेग वाढेलच. पण जिल्ह्यातल्या प्रवाशासाठी खरा फायदा वेगळा आहे. सकाळी सेलूहून परभणीला आणि संध्याकाळी परत, अशा कमी अंतराच्या जास्त गाड्या चालवायला जागा मिळेल. ती जागा कोणत्या गाड्यांना द्यायची हे मात्र वेळापत्रक ठरवणारे ठरवतील.

मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली आणि परभणीला थांबा मिळाला. मुंबईच्या प्रवासासाठी ही मोठी सोय आहे. पण रोज ये-जा करणारे विद्यार्थी, कारकून आणि भाजीविक्रेते पॅसेंजरवर अवलंबून असतात. कोविडच्या काळात पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्याने धावू लागल्या आणि किमान तिकीट १० वरून ३० रुपयांवर गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपये झालं. मधल्या चार वर्षांत सवय मोडली की प्रवासी परत आणणं अवघड असतं.

आणखी एक मर्यादा आहे. नऊ तालुक्यांपैकी जिंतूर, पाथरी, पालम आणि सोनपेठ या गावांत रेल्वे स्थानकच नाही. मानवतचं स्थानकही गावापासून दूर, मानवत रोडला आहे. तिथल्या लोकांसाठी रेल्वे म्हणजे आधी बस किंवा ॲपे आणि मग गाडी. बस आणि रेल्वेची वेळ जुळली नाही, तर कागदावरची रेल्वे त्यांच्या उपयोगाची नाही.

एसटीचं काय चाललं आहे?

एसटीच्या परभणी विभागात परभणी आणि हिंगोली असे दोन जिल्हे येतात. हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण एसटीचा विभाग एकच राहिला. परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी ही चार आगारं आहेत. उरलेल्या पाच तालुक्यांच्या गाड्यांना शेजारच्या आगारांवर अवलंबून राहावं लागतं.

राज्यभरात एसटीचा ताफा कधी काळी १८ हजारांच्या वर होता, तो आता १५ हजारांच्या आसपास आहे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात सेवा जवळपास ठप्प झाली होती. त्या साडेपाच महिन्यांत अनेकांनी दुसरी सोय शोधली आणि ती कायम झाली.

मग सवलतींनी प्रवासी परत आणले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट मिळू लागलं. राज्य सरकार सवलतीचा फरक महामंडळाला देतं. या योजनांकडे कल्याणकारी खर्च म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात भरलेल्या गाडीचा वर दिलेला हिशोब पाहिला, तर त्या पर्यावरणाच्याही योजना आहेत.

तसंच एक काम मानव विकास कार्यक्रमाने केलं आहे. राज्यातल्या १२५ तालुक्यांसाठीच्या या कार्यक्रमात परभणी जिल्ह्याचाही समावेश आहे. शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींसाठी खास बस आणि जवळच्या मुलींसाठी सायकल, अशी त्याची रचना आहे. 'हरित वाहतूक' हा शब्द या कार्यक्रमात कुठेच नाही. तरी बस आणि सायकल यांची सांगड कशी घालावी, याचा तो चांगला नमुना आहे.

ही बस न येणं म्हणजे काय, हे सातवीनंतरच्या मुलींच्या घरी विचारावं. मुलगा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जातो. मुलीला तसं पाठवायला घरचे कचरतात. गाडी वेळेवर नाही म्हणून आधी शाळा बुडते, मग सुटते.

इलेक्ट्रिक बस आली की प्रश्न सुटेल?

एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ मध्ये एसटीची पहिली बसही याच मार्गावर सुटली होती. त्यानंतर महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला, पण त्या ठरल्या वेगाने आल्या नाहीत.

इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण एक युनिट वीज घेते. देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलची साधी एसटी किलोमीटरला सुमारे ०.५४ किलो सोडते, आणि डिझेल शुद्ध करून आणण्याचा भार धरला तर आकडा आणखी वर जातो. म्हणजे ग्रामीण रस्त्यावर आज दोघींमध्ये फार अंतर नाही.

मग इलेक्ट्रिक बस का घ्यावी? तिचा धूर आणि आवाज वस्तीत होत नाही. आयात तेल लागत नाही. आणि सौर-पवन वीज वाढत जाईल तशी तीच बस दरवर्षी अधिक स्वच्छ होते, हे डिझेलच्या इंजिनाला जमत नाही. आगाराच्या छतावर सौर पॅनेल बसवून दुपारी चार्जिंग केलं तर फायदा लगेच दिसतो. परभणीत उन्हाची कमतरता नाही.

पण रिकामी धावणारी इलेक्ट्रिक बस ही भरलेल्या जुन्या लालपरीपेक्षा वाईट, हे गणित बदलत नाही.

परभणी शहरात काय करता येईल?

परभणी महानगरपालिका २०११ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,०७,१७० होती. हा आकडा एका कारणाने महत्त्वाचा आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा योजना तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. देशभरात १० हजार बस देण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. बस चालवण्यासाठी केंद्र दर किलोमीटरला ठरावीक रक्कम दहा वर्षं देतं. लोकसंख्येच्या निकषात परभणी थोडक्यात का होईना, बसते.

शहर फार मोठं नाही. बहुतेक अंतरं सायकलने पंधरा-वीस मिनिटांत कापता येतात. तरी सायकल कमी झाली, कारण मुख्य रस्त्यांवर तिला जागा उरली नाही आणि फुटपाथवर गाड्या लागतात. इथे कोट्यवधींच्या प्रकल्पापेक्षा सावलीची झाडं, सलग फुटपाथ, शाळांभोवती वेगमर्यादा आणि स्थानक-बसस्थानक-रुग्णालय जोडणाऱ्या दोन-तीन नियमित बसमार्गांचा उपयोग जास्त होईल.

नवे महामार्ग उपाय आहेत की अडचण?

जालना-नांदेड हा समृद्धी महामार्गाला जोडणारा सुमारे १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग या जिल्ह्यातून प्रस्तावित आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या ८०२ किलोमीटरच्या आराखड्यातही परभणीचं नाव आहे, आणि त्याच्या भूसंपादनाला अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे.

समर्थकांच्या मते या मार्गांमुळे मराठवाड्याला बाजारपेठ आणि उद्योग मिळतील. विरोधकांच्या मते काळी कसदार जमीन जाईल आणि समांतर रस्ते आधीच आहेत. वाहतुकीच्या अंगाने एक गोष्ट जगभर दिसून आली आहे. रस्ता वाढवला की काही काळ कोंडी कमी होते, मग नवी वाहनं येऊन तो पुन्हा भरतो. शिवाय नियंत्रित प्रवेशाच्या मार्गावर फाटे नसतात. गावची एसटी तिथे थांबू शकत नाही आणि दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना त्यावर परवानगी नसते.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धीसह काही द्रुतगती मार्गांवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोलमाफी दिली आहे. बसला मिळालेली माफी सामान्य प्रवाशापर्यंत पोचू शकते. कारची माफी ज्याच्याकडे कार आहे त्याच्यापुरतीच राहते.

इतर देशांनी काय केलं?

स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक ठेक्याचं वेळापत्रक आणलं. एका मार्गावरची गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते, आणि पिवळ्या टपाल बस डोंगरातल्या गावांतून त्या गाडीच्या वेळेला स्थानकात पोचतात. गाडीच्या वेळा लोकांना पाठ असतात, वेळापत्रक पाहावं लागत नाही. जर्मनीने मे २०२३ मध्ये ४९ युरोचा मासिक पास काढला. त्यावर देशभरातल्या स्थानिक रेल्वे, ट्राम आणि बस चालतात. पुढे त्याची किंमत वाढली, पण एका पासात सगळं ही कल्पना टिकली.

दोन्ही देश श्रीमंत आहेत, हे खरं. पण वेळा जुळवणं आणि एक पास काढणं या गोष्टींना नवे रूळ किंवा नवे पूल लागत नाहीत. लागतो तो दोन कार्यालयांचा समन्वय.

जिल्ह्यात कोणाच्या हातात काय आहे?

- एसटी विभाग: मुख्य रस्त्यांवर, म्हणजे जिंतूर, पाथरी, गंगाखेड आणि वसमतच्या दिशेला, दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी सोडणं. शेवटची फेरी उशिराची ठेवणं आणि ती रद्द न करणं. मुक्कामी गाड्या टिकवणं.
- रेल्वेचा नांदेड विभाग: दुहेरीकरणानंतर कमी अंतराच्या सकाळ-संध्याकाळच्या गाड्या देणं. मानवत रोड, सेलू, गंगाखेड आणि पूर्णा इथे बससाठी जागा ठेवणं.
- परिवहन विभाग: शेअर ॲपे-जीपकडे फक्त अवैध वाहतूक म्हणून न पाहता, फाटा ते गाव अशा जोडमार्गांचे परवाने देणं आणि त्यावर प्रवासी संख्येची मर्यादा पाळायला लावणं. अशा छोट्या अंतरासाठी इलेक्ट्रिक तीनचाकी सोयीची ठरते.
- जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हा परिषद: फाट्यांवर सावली, पाणी, दिवा आणि वेळापत्रकाचा फलक. दवाखाना आणि शाळा गावाजवळ ठेवणं हाही वाहतुकीचाच निर्णय आहे.
- महानगरपालिका: शहर बस, फुटपाथ आणि सायकलला जागा.
- ग्रामसभा: कोणती फेरी कधी हवी याचा ठराव करून आगारप्रमुखांकडे देणं. शाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात हा ठराव गेला तर जूनच्या नियोजनात त्याचा विचार होऊ शकतो.

मालवाहतुकीचाही विचार याच यादीत यायला हवा. राष्ट्रीय रेल्वे योजनेत देशाच्या मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट आहे. ज्या जिल्ह्यातून कापूस आणि सोयाबीन बाहेर जातं आणि खत, सिमेंट, इंधन आत येतं, तिथे दुसऱ्या रेल्वेमार्गाचा फायदा धक्क्याची आणि गोदामाची सोय असेल तरच मिळेल.

बदल होतोय हे कसं ओळखायचं?

किती इलेक्ट्रिक बस आल्या किंवा किती किलोमीटर रस्ता झाला, या आकड्यांवरून ते कळणार नाही. त्यासाठी पाहावं लागेल ते असं: रद्द होणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या का? संध्याकाळी सातनंतर तालुक्याच्या गावाहून घरी परतायला गाडी आहे का? पॅसेंजर आली तेव्हा बाहेर बस उभी होती का? बससाठी थांबणाऱ्यांना सावली आहे का? आणि आठवीत गेलेली गावातली मुलगी बारावीपर्यंत रोज शाळा-कॉलेजला पोचते का?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आगारात, स्थानकात किंवा शाळेच्या हजेरीपटात मिळू शकतं. ते विचारायला प्रवासी संघटना, पालक आणि ग्रामसभा यांना कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.